चुनखडीच्या डोंगरावरची लंगडी मेंढी

मित्रांनो, मेंढी बोलायला लागली म्हणून हसू नका. आठ वर्षांची मेंढी म्हणजे म्हातारीच समजायची. माझे पुढचे तीन दात गेलेत. मागचा डावा पाय नीट टेकत नाही. चढ चढताना मला मध्ये दोनदा थांबावं लागतं. दमलं की माणसं खाली बसतात आणि मागचं काहीबाही सांगत राहतात. मेंढीलाही तसं वाटत असेल, हे कुणाच्या मनात येत नाही एवढंच.

माझा डोंगर इंग्लंडात, लंडनपासून ट्रेनने तासाभराच्या अंतरावर, चिल्टर्न नावाच्या रांगेत आहे. त्याच्या पोटात सगळी पांढरी चुनखडी. वरची माती इतकी पातळ, की मी खुराने जरा उकरलं तरी खालचं पांढरं दिसायला लागतं. पावसाळी हवेत इथून चालून गेलेल्या माणसांचे बूट खडूत बुडवून काढल्यासारखे होतात. अशा मातीत मोठं गवत जोर धरत नाही, म्हणून बारीक फुलांना जागा मिळते. एप्रिलमध्ये पिवळी काउस्लिप येते, जूनमध्ये गुलाबी ऑर्किड, आणि मग उन्हाळाभर रानटी थाइमचा ओव्यासारखा वास आणि त्यावर निळी फुलपाखरं. हा सगळा भाग राखीव आहे. इथे नांगर घालायचा नाही, फूल तोडायचं नाही, अशा पाट्या फाटकावर आहेत. लांबलांबून माणसं येतात, गुडघ्यांवर बसून फुलांचे फोटो काढतात आणि समाधानाने घरी जातात.

पण ही फुलं टिकतात कशी? आम्ही हिवाळाभर इथलं गवत खाऊन जमिनीसरशी आणतो, काटेरी झुडपांचे कोंभ खुडतो, म्हणून टिकतात. चार वर्षं आम्हाला इथे सोडलं नाही, तर सगळीकडे झुडपं माजतील आणि फुलं त्यांच्याखाली गुदमरतील. एवढं करून आमचा फोटो क्वचितच कुणी काढतं. ते सोसलं मी. मेंढीला कौतुकाची सवय नसतेच.

माझा जन्म २००१ च्या एप्रिलमधला. त्या वर्षी देशभर लाळ-खुरकतीची साथ होती. डोंगरावरच्या वाटा बंद होत्या, फाटकांना दोऱ्या बांधल्या होत्या, आणि दूरच्या शेतांवरून जनावरं जाळल्याचा धूर दिसायचा. आमचा मेंढपाळ ग्रॅहम रोज सकाळी येऊन माझ्या आईचं तोंड उघडून बघायचा. उंच, थोडा वाकलेला, कमी बोलणारा माणूस. निसर्ग राखणाऱ्या एका संस्थेच्या नोकरीत तो आहे. आमच्या कळपापर्यंत साथ पोचली नाही. पुढे माझ्या कानात पिवळा बिल्ला लागला. दरवर्षी जूनमध्ये माझी लोकर कातरली जायची आणि ऑक्टोबरमध्ये मला डोंगरावर आणलं जायचं. २००३ पासून तीन वर्षं मला दरवर्षी जुळी कोकरं झाली. "ही आई चांगली आहे," असं ग्रॅहम एकदा म्हणाला होता. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

नीनाला मी पहिल्यांदा पाहिलं ते २००५ च्या शरद ऋतूत. छप्पन्न-सत्तावन्न वर्षांची बाई, अंगात निळा रेनकोट, डोक्याला लोकरीची टोपी, आणि हातातल्या साखळीला लांब पायांचा तपकिरी कुत्रा. लग्न होऊन सांगलीहून ती लंडनच्या हाउन्सलोला आली, त्याला तीस वर्षं झाली होती. विमानात देतात त्या जेवणाच्या कारखान्यात ती काम करायची. नवरा, पुरुषोत्तम, तीन वर्षांपूर्वी वारला. मुलगा कबीर लीड्सला. अनाथ कुत्री ठेवतात तिथून तिने हा कुत्रा आणला. त्यांनी त्याचं नाव बर्टी ठेवलं होतं, तिने त्याचा बर्ट्या केला. हे सगळं मला कसं माहीत? ती चालता चालता त्याच्याशी बोलायची, आणि आम्ही कान पाडून चरतो म्हणून आम्हाला ऐकू येत नाही असं नाही.

"बर्ट्या, बघ हे," ती वर पोचल्यावर म्हणायची. "ह्यांना दाखवायचं राहून गेलं. इतकी वर्षं इथे राहिलो आणि एअरपोर्ट सोडून काही बघितलं नाही आम्ही."

रविवारी ती यायची. सोबत कधी तिची शेजारीण शशी असायची. दोघी थर्मासमधला चहा प्यायच्या, डब्यातल्या मेथीच्या पुऱ्या खायच्या, आणि फाटकावरच्या पाटीत लिहिलंय तसं कुत्र्याला साखळीवर धरून परत जायच्या. आम्ही त्यांना ओळखायला लागलो होतो. ती आली की आम्ही मान वर करून बघायचो आणि पुन्हा चरायला लागायचो.

२००६ च्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी धुकं होतं. मी गाभण होते. आम्ही बेचाळीस जणी डोंगराच्या उतरणीला, एका खोलगट जागी, जाळीच्या कुंपणात होतो. वाटेवरून आम्ही दिसत नव्हतो. त्या आठवड्यात नीनाला दुप्पट शिफ्ट पडल्या होत्या. कुत्रा पाच दिवस फ्लॅटमध्ये कोंडलेला होता. मला तिचे शब्द ऐकू आले.

"पाच मिनिटं मोकळं पळू दे बिचाऱ्याला. कोणीच नाहीये इथे."

"सोड की," शशी म्हणाली.

पुढचं मी थोडक्यात सांगते. त्यात सांगण्यासारखं फार नाही. कुत्र्याला आमचा वास आला आणि तो जाळीवरून आत आला. आम्ही पळालो. मेंढ्या पळतात, आणि पळणारं काही दिसलं की कुत्रा धावतो, यात कुणाचा दुष्टपणा नाही. माझ्या शेजारी नेहमी चरणारी एक मेंढी होती. ती जाळीत अडकली, सुटायला धडपडली आणि तिथेच गेली. मला त्याने मागच्या पायाला धरलं. मी पडले तरी त्याने सोडलं नाही.

नीना धुक्यातून धावत आली. मध्ये एकदा घसरून पडली. "बर्ट्या! सोड! सोड म्हणते ना!" तिने त्याला दोन्ही हातांनी मागे ओढलं. तिच्या रेनकोटला पांढरी माती लागली होती आणि कुत्र्याच्या तोंडाला रक्त. शशी मागून पोचली. नीनाने थर्मासमधला उरलेला कोमट चहा ओतून त्याचं तोंड धुतलं. अर्धा चहा तिच्याच बुटांवर सांडला.

मग ती माझ्यापासून दहा पावलांवर उभी राहिली.

"शशी, ती उठत नाहीये गं."

"उठेल. चल तू लवकर. कोणी बघितलं नाहीये."

"आणि ती तिकडची? ती तर हलतच नाहीये."

"नीना, ऐक माझं. आपण इथे थांबलो तर बर्टीला नेतील. गोळी घालतात इथे, त्यांना तसा हक्क असतो. चल!"

गोळी हा शब्द ऐकला आणि नीना वळली. जाताना तिने दोनदा मागे पाहिलं. मित्रांनो, मला तेव्हा राग आला नाही. राग यायलाही अंगात बळ लागतं.

सोमवारी सकाळी मोजणीला आलेल्या ग्रॅहमला मी सापडले. तो आधी जाळीपाशी गेला, मग माझ्यापाशी आला आणि ओल्या गवतात मटकन बसला. डॉक्टर आले, टाके पडले. कळपापासून तोडलं की मेंढी झुरते, म्हणून त्याने मला खाली नेलं नाही. वरच्या फाटकाशेजारी गवताच्या गासड्या रचून माझ्यापुरता आडोसा केला. तिसऱ्या दिवशी पोटातली दोन्ही कोकरं गेली. दोन्ही पूर्ण वाढलेली नव्हती. ग्रॅहमने ती पोत्यात गुंडाळून नेली, तरी त्या दिवशी लाल घारी बराच वेळ वर घिरट्या घालत होत्या.

फाटकावर नवी पाटी लागली. 'कुत्र्याच्या हल्ल्यात एक मेंढी मेली, एक जखमी. कुणी पाहिलं असल्यास कळवा.' खाली फोन नंबर. माणसं पाटी वाचायची, च्च च्च करायची आणि पुढे जायची.

पुढच्या रविवारी नीना आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी ती एकटीच आली, कुत्र्याशिवाय. पाटी वाचली, तिथेच उभी राहिली आणि मागच्या पावली परत गेली. तिसऱ्या रविवारी ती आली तेव्हा ग्रॅहम फाटकाचा खांब ठोकत होता. ती त्याच्यापासून थोड्या अंतरावर थांबली. हातातली पिशवी या हातातून त्या हातात केली. दोघं इंग्रजीतच बोलले, मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते.

"तो कुत्रा माझा होता," नीना म्हणाली.

ग्रॅहमने हातोडा खाली ठेवला. "कधी कळलं तुम्हाला?"

"मी इथेच होते. सगळं बघितलं. आणि निघून गेले."

वाऱ्याने पाटी फटफट वाजत होती. ग्रॅहमने ती हाताने धरली.

"मी इथे असतो तर त्याला गोळी घातली असती," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग आज का आलात?"

"तीन आठवडे मी त्याला जेवायला घालते आणि तो पोटभर जेवतो," नीना म्हणाली. "त्याला काही आठवतसुद्धा नाही. मला मात्र घास जात नाही. कामावर ट्रे भरताना मला ही मेंढी दिसते." तिने पिशवी खाली ठेवली. "माझे मिस्टर गेले. मुलगा लांब असतो. संध्याकाळी कुलूप उघडलं की दाराशी येणारा तो एकच आहे. म्हणून गप्प राहिले. दुसरं काही कारण नाही. तुम्ही त्याला नेणार असाल तर न्या, पण मला असं राहता येत नाही."

ग्रॅहमही दमलेला होता. त्या महिन्यात त्याने एकट्याने सगळं कुंपण पुन्हा उभारलं होतं, आणि वर कळपावर दिवसरात्र पहारा. मला वाटलं तो तिच्यावर ओरडेल. तो एवढंच म्हणाला, "या इकडे. मला हिचा पाय धुवायचाय. हिचं डोकं धरा."

नीना माझ्या आडोशात गुडघ्यांवर बसली. मी घाबरले. तिच्या अंगाला त्या कुत्र्याचा वास होता. मी उठायची धडपड केली, पण ग्रॅहमने मला दाबून धरलं आणि तिने माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. पट्टी सुटली. जखम अजून ओली होती. नीनाने तोंड फिरवलं नाही. ग्रॅहम औषध लावत असताना ती वाकून माझ्या कानाशी मराठीत बोलत होती, "चुकलं गं बाई माझं. चुकलं." माझ्या तोंडावर तिच्या डोळ्यांतलं पाणी पडत होतं. मला त्याचं काही वाटलं नाही, मित्रांनो. पाय फार दुखत होता.

पट्टी बांधून झाल्यावर ग्रॅहम म्हणाला, "पोलिसांना कळवावं लागेल. मला लपवता येणार नाही."

"कळवा."

"तुम्ही आपणहून आलात, हेही लिहीन मी."

मे महिन्यात ती पुन्हा आली तेव्हा निकाल लागला होता. तिने ग्रॅहमला सांगितलं ते मी ऐकलं. मॅजिस्ट्रेटसमोर तिला उभं राहावं लागलं. कबीर सुट्टी काढून लीड्सहून आला आणि कोर्टातून बाहेर पडेपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलला नाही. बर्टीचा जीव वाचला. पण घराबाहेर पडताना तोंडाला मुसकं आणि गळ्यात साखळी, तो जगेल तोवर. कालव्याच्या कडेने ती त्याला फिरवायला नेते, तेव्हा मुसकं बघून माणसं बाजूला होतात, लहान मुलांना जवळ ओढतात. "त्याला कळत नाही, सगळे असं का करतात ते," ती म्हणाली. शशीने दोन महिने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. 'तुला काय पडली होती जाऊन सांगायची,' हे तिचं म्हणणं.

"मी काही करू शकते का?" तिने ग्रॅहमला विचारलं. "बसून राहवत नाही."

ग्रॅहमने डोकं खाजवलं. "हिवाळ्यात रोज मोजायला माणूस लागतो. थंडीत कुणी यायला तयार नसतं. आठवड्याचा गुरुवार रिकामा आहे."

"मला मेंढ्यांमधलं काही कळत नाही."

"मोजता येतं ना?"

तेव्हापासून दर हिवाळ्यात गुरुवारी नीना येते. दोन बस, एक ट्रेन, आणि वर चालत चढ. पावसात येते, बर्फात येते. एकदा ट्रेन बंद पडल्या तेव्हा फोन करून रडली म्हणे, की आज मोजणी कोण करेल. ती हातात काठी घेऊन मराठीत मोजते. कोण लंगडतंय, कोण पडून आहे, कुणाची लोकर काटेरी झुडपात अडकलीय, ते वहीत लिहून ग्रॅहमला देते. पहिल्या वर्षी तिच्या नोंदी वाचून ग्रॅहम हसायचा. तिसऱ्या वर्षी एका मेंढीचा खूर सडतोय हे तिला त्याच्या आधी दिसलं. त्या दिवशी तो हसला नाही. त्याने आपल्या डब्यातलं अर्धं सँडविच तिला दिलं.

या चार वर्षांत तिचेही गुडघे गेलेत. चढावर मी थांबते तिथेच तीही थांबते, आणि दोघी जणी धापा टाकत खालच्या दरीकडे बघतो. जवळच्या मेडनहेड गावाकडून येणारे चकचकीत बुटांचे तरुण आम्हाला ओलांडून भराभर वर जातात.

तुम्ही विचाराल, मी तिला माफ केलं का? मेंढीला माफी येत नाही, मित्रांनो. माझ्या शेजारी चरायची ती मेंढी परत आली नाही आणि मला त्यानंतर कोकरू झालं नाही. नीना जवळ आली की अजूनही माझे कान मागे जातात. पण मी पळत नाही. आणि तिनेही त्या दिवसानंतर मला कधी हात लावलेला नाही. हात लावून बरं वाटलं असतं ते तिला, मला नाही, हे तिला कळलं असावं.

या ऑक्टोबरात ग्रॅहमने माझं तोंड उघडून पाहिलं आणि बराच वेळ मिटू दिलं नाही. दात नसलेल्या मेंढीला हे आखूड गवत ओढता येत नाही. पुढच्या महिन्यात कळपातल्या चार म्हाताऱ्यांना खाली नेणार आहेत, त्यात मी आहे. खाली नेल्यावर पुढे काय, ते ग्रॅहमने नीनाला सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. दोघांना ठाऊक आहे. मलाही थोडंफार ठाऊक आहे. फार वाईट वाटत नाही. पाय खूप दुखतो हल्ली.

एवढंच सांगायचं होतं. तुम्ही कधी अशा राखलेल्या डोंगरावर आलात, तर फाटकावरची पाटी पूर्ण वाचा आणि फाटक आपल्या मागे नीट लावून घ्या. फुलं बघा, पोटभर बघा. ती आमच्या चरण्यामुळे वाचलेली असतात. आणि तुमच्यासोबत कुत्रा असेल, तर वाट कितीही रिकामी दिसली तरी साखळी सोडू नका. आम्ही दिसत नसलो तरी असतो.

हे मी सांगते त्यापेक्षा नीना बरं सांगते. गेल्या गुरुवारचीच गोष्ट. ऊन पडलं होतं आणि एक तरुण मोकळ्या काळ्या कुत्रीला घेऊन वर आला. कुत्री वाटेच्या कडेने हुंगत आमच्या जाळीकडे निघाली. आम्ही सगळ्या एकमेकींना चिकटलो. नीना काठी टेकत, जमेल तेवढ्या घाईने त्याच्या आडवी गेली.

"प्लीज, तिला साखळी लावा."

"अहो, काळजी करू नका," तो हसत म्हणाला. "फार गरीब आहे ती. आजवर कुणाला काही केलेलं नाही."

"माझ्या कुत्र्यानेही नव्हतं केलं," नीना म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग त्यानेही इकडे पाहिलं. मी बाकीच्यांच्या मागे पडले होते, तीन पायांवर जाळीपासून दूर सरकत होते. त्याने शीळ घालून कुत्रीला बोलावलं, वाकून तिच्या गळ्यात साखळी अडकवली आणि वाटेला लागला.

नीना तो दिसेनासा होईपर्यंत उभी राहिली. आम्ही माना खाली घातल्या आणि चरायला लागलो.